सक्ती करायचीच असेल, तर आधी सरकारवर करा



आजचा लेख नेहमीसारखा "ताप आल्यावर काय करावे" असा नाही. आज थोडं भांडायचं आहे. काही प्रमाणात लोकप्रतिनिधींशी, काही प्रमाणात तुमच्याशी आणि थोडं स्वतःशीही.

एप्रिल महिना होता. ऊसतोडीच्या टोळ्या परत येत होत्या. दिंद्रुड, तेलगाव, धारूर या आपल्या पट्ट्यात तेव्हा रस्त्यावर संसार लादलेले ट्रॅक्टर दिसतात. अशाच एका टोळीतलं जोडपं पंधरा महिन्यांची मुलगी घेऊन आलं. अंगभर पुरळ, डोळे लाल आणि चिकटलेले, श्वास जोरात. सोबतची आजी म्हणाली, "देवीचं हाय डाक्टर, पाच दिसांनी उतरंल." तो गोवर होता आणि न्यूमोनिया झालेला होता. 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस दिला आणि तिला अंबाजोगाईला पाठवलं. पोरगी वाचली. पण उजव्या डोळ्यात फूल पडलं. त्या डोळ्यानं तिला आता उजेड-अंधार एवढंच कळतं.

तिला गोवराची लस दिली नव्हती. मी आईला विचारलं, "कामून राहिली?" ती म्हणाली, "नववा महिना भरला दिवाळीत. आमी दसऱ्यालाच निघालो. फडात कोण येतंय सुई घेऊन?"

आता माझं सांगतो. दसऱ्याच्या आधी हीच मुलगी खोकल्यासाठी माझ्याकडे आली होती. गर्दी होती. मी औषध लिहून दिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. लसीकरणाचं कार्ड मागितलं नाही, "तुम्ही कधी निघणार, परत कधी येणार" हेही विचारलं नाही. एवढं विचारलं असतं, तर पुढची तारीख कुठल्या कारखान्यावर येते हे कळलं असतं. त्या डोळ्याच्या हिशेबात माझंही नाव आहे. ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत, चूक मात्र बदललेली नाही.

ही गोष्ट मी एका निवृत्त गुरुजींना सांगितली. ते चिडून म्हणाले, "डॉक्टर, असल्या आईबापांवर केस केली पाहिजे. आमदार-खासदार सक्तीचा कायदा का करत नाहीत?" दुसऱ्याच दिवशी पुण्याहून आलेला एक शिकलेला बाप मला म्हणाला, "माझ्या मुलाला काय टोचायचं ते मी ठरवीन. पालकांचा हक्क आहे तो." हा लेख त्या दोघांसाठी आहे.

कायदा करणारे काय म्हणतात?

जगभरच्या सभागृहांत या विषयावर साधारण दोन बाजू दिसतात. एक बाजू म्हणते, मुलाचा जीव मोठा, सक्ती करा. इटलीने २०१७ मध्ये दहा लसी सक्तीच्या केल्या. फ्रान्सने २०१८ पासून अकरा केल्या. जर्मनीत २०२० पासून शाळेत किंवा पाळणाघरात जायचं तर गोवराच्या लसीचा पुरावा लागतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये डिस्नेलँडमधून गोवर पसरला आणि २०१५ मध्ये "आमच्या मताविरुद्ध आहे" या कारणावर मिळणारी सूट तिथल्या विधिमंडळाने काढून टाकली. ते विधेयक मांडणाऱ्यांत रिचर्ड पॅन हे सिनेटर होते, ते स्वतः बालरोगतज्ज्ञ आहेत.

दुसरी बाजू म्हणते, शरीर माझं, मूल माझं, सरकारने मध्ये पडू नये. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या आरोग्यप्रमुखांनी शाळाप्रवेशासाठीच्या लसींची सक्ती संपवण्याची घोषणा केली आणि सक्तीची तुलना गुलामगिरीशी केली. त्याच वर्षी टेक्सासमध्ये गोवराची साथ आली होती. साडेसातशेहून जास्त रुग्ण झाले आणि लस न घेतलेली दोन शाळकरी मुलं गेली. आपल्या गावातली जी पोरं तिकडे नोकरीला आहेत, त्यांची मुलं याच शाळांत जातात. म्हणून हा विषय दूरचा समजू नका.

आपल्याकडे न्यायालयांनी या विषयावर थेट बोलून ठेवलं आहे. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोविड लसीच्या प्रकरणात सांगितलं की, कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही. मात्र समाजाच्या आरोग्यासाठी वाजवी आणि प्रमाणात असलेली बंधनं सरकार घालू शकतं. त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये शाळांमधल्या गोवर-रुबेला मोहिमेबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं होतं की, पालकांची संमती गृहीत धरू नका, त्यांना फायदे आणि धोके दोन्ही सांगा.

मला दोन्ही निकाल योग्य वाटतात. तरीही मी त्या पुण्याच्या बापाच्या बाजूचा नाही. का, ते सांगतो.

"माझं मूल, माझी निवड" यात चूक काय?

पहिली गोष्ट, मूल ही आपली मालमत्ता नाही. सज्ञान माणूस स्वतःच्या शरीराबद्दल निर्णय घेतो आणि त्याचे परिणाम स्वतः भोगतो. पंधरा महिन्यांच्या मुलाच्या बाबतीत निर्णय बाप घेतो आणि डोळा मुलीचा जातो. आईबाप हे मुलाचे विश्वस्त आहेत. विश्वस्ताला दुसऱ्याच्या ठेवीवर जुगार खेळता येत नाही.

दुसरी गोष्ट, गोवर हा तुमच्या उंबरठ्यापाशी थांबत नाही. गोवराचा एक रुग्ण, ज्यांना प्रतिकारशक्ती नाही अशा १२ ते १८ जणांना लागण देऊ शकतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. साथ थांबवायची तर शंभरातल्या ९५ मुलांना संरक्षण हवं. लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. म्हणजे सहा महिन्यांचं बाळ, कॅन्सरचे उपचार चालू असलेलं मूल, यांना शेजारच्या मुलांनी घेतलेली लसच वाचवते. तुमची "निवड" त्या बाळाच्या आईला कुणी विचारून केलेली नसते.

तिसरी गोष्ट, या निवडीमागची माहिती पुष्कळदा खोटी असते. गोवराच्या लसीने ऑटिझम होतो, हा समज १९९८ मधल्या एका लेखातून पसरला. त्यात फक्त बारा मुलांची माहिती होती. २०१० मध्ये त्या नियतकालिकाने तो लेख मागे घेतला आणि लेखकाचा वैद्यकीय परवाना रद्द झाला. त्यानंतर लाखो मुलांवर अभ्यास झाले, संबंध सापडला नाही. लेख मागे घेऊन इतकी वर्षं झाली, पण व्हॉट्सॲपवर तो अजून फिरतो आहे.

आणि चौथी गोष्ट जरा कडवट आहे. निवडीची भाषा ज्यांना परवडते तेच बोलतात. मूल आजारी पडलं तर त्यांच्याकडे गाडी आहे, विमा आहे, मोठा दवाखाना आहे. फडातल्या कोपीत राहणाऱ्या आईला निवड करायला आधी लस समोर यावी लागते. ती तिच्या समोर आलीच नाही.

मग गुरुजी, सक्ती का नको?

कारण आपण सक्ती करून पाहिलेली आहे.

मुंबईत १८७७ मध्ये देवी काढण्याच्या सक्तीचा कायदा झाला आणि १८८० मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातल्या ठरावीक शहरांसाठी व छावण्यांसाठी तसाच कायदा आला. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तो भाग वेगळा. पण देवीचा रोग काही त्या कायद्याने संपला नाही. तो संपला स्वातंत्र्यानंतर, १९७० च्या दशकात. तेव्हा माणसं घरोघर फिरली, रुग्ण शोधला, त्याच्या आजूबाजूच्या सगळ्यांना लस दिली. देवीचा रुग्ण कळवणाऱ्याला शेवटी हजार रुपयांपर्यंत बक्षीस ठेवलं होतं. त्या मोहिमेतही काही ठिकाणी दांडगाई झाली, हे लपवायचं कारण नाही. पण जग जिंकलं ते शोध, पाठपुरावा आणि लस या तीन गोष्टींनी.

१८९७ साल घ्या. त्या वर्षीच्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारीला ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग लोक स्वतः पुढे आले. त्याच वर्षी पुण्यात रँडसाहेबाच्या शिपायांनी घरात घुसून माणसं बाहेर काढली, बायकांची तपासणी केली. साथ तीच, वर्ष तेच. पुढे काय झालं ते शाळेच्या पुस्तकात आहे. हाफकिनच्या नावाची संस्था आजही परळला उभी आहे.

आता आपल्याच विधिमंडळाची गोष्ट. १९७६ मध्ये, आणीबाणीत, महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी एक विधेयक मंजूर केलं होतं. तीन मुलं झाल्यावर नसबंदी सक्तीची. तेव्हा मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण, आपल्याच मराठवाड्याचे. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून तो कायदा अमलात आला नाही. आमदारांचे हात मात्र वर गेले होते. त्या काळातल्या जबरदस्तीची भीती लोकांच्या मनात इतकी खोल बसली की, वीस-तीस वर्षांनी पोलिओचे थेंब आले तेव्हाही "यानं मुलं होत नाहीत" ही अफवा पसरली. उत्तर प्रदेशात तर तिने मोहीम अडवून धरली. एका पिढीवर केलेल्या सक्तीची किंमत पुढच्या पिढीच्या पोरांनी मोजली.

आणि बीडमध्ये आपण हे विसरूच शकत नाही. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न विधान परिषदेत आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. ज्या बाईच्या शरीराशी माझ्या व्यवसायातली माणसं असं वागली, तिच्या दारात उद्या पोलीस घेऊन लस टोचायला जायचं? ती दार उघडेल का?

कोविडमध्येही आपण पाहिलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये शेजारच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एक डोस घेतल्याशिवाय रेशन, गॅस आणि पेट्रोल नाही असा आदेश निघाला. त्यानंतर लसीकरण केंद्रांवर गर्दी झाली, हे खरं आहे. पण रेशन अडवलं की उपास कुणाला घडतो? पेट्रोलवाल्याला नाही.

गुरुजींचा एक मुद्दा मात्र मी मान्य करतो. सक्तीने आकडे वाढतात. कॅलिफोर्नियात वाढले, इटली-फ्रान्समध्ये वाढले. पण तिथे लस घराजवळ होती आणि लोक ती नाकारत होते. आपल्याकडे लोक ती फारशी नाकारत नाहीत. लसच त्यांच्यापर्यंत पोचत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या एक ते दोन वर्षांच्या मुलांपैकी पूर्ण लसीकरण झालेली मुलं साधारण ७३ टक्के होती. म्हणजे चारातलं एक मूल कुठेतरी सुटलेलं. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात, भिवंडीत आणि मालेगावात गोवर आला आणि मुलं दगावली, ती याच सुटलेल्यांमुळे. पोटासाठी आलेली, पत्ता बदलणारी, दाटीवाटीत राहणारी कुटुंबं होती ती. अशा घरावर दंड ठोकायचा, म्हणजे ज्याला छत्री दिली नाही त्याला भिजल्याबद्दल शिक्षा करायची.

उलट पोलिओ बघा. घरोघर, वीटभट्टीवर, एसटी स्टँडवर, रेल्वेत, जिथे मूल तिथे पथक गेलं. कुणाला तुरुंगात टाकलं नाही. १३ जानेवारी २०११ नंतर देशात जंगली पोलिओचा रुग्ण सापडलेला नाही आणि मार्च २०१४ मध्ये आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. लस कोपीपर्यंत पोचवता येते, हे तेव्हाच सिद्ध झालं.

लोकप्रतिनिधींनो, मग कायदा कशाचा करा?

सभागृहात "लसीकरण सक्तीचं करा" असं बोलायला एक मिनिट लागतं आणि पैसा लागत नाही. खालची कामं कठीण आहेत. म्हणून तीच मागतो.

एक. सक्ती यंत्रणेवर करा. हंगाम चालू असताना प्रत्येक साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रात, जिथे टोळ्या उतरतात तिथे, दर महिन्याला लसीकरणाचं सत्र झालंच पाहिजे. मुकादमाकडे उचल घेतलेल्या प्रत्येक कोयत्याची यादी असते. कोणाकडे लहान लेकरू आहे हे त्याला तोंडपाठ असतं. पैशाच्या वसुलीसाठी ती यादी चालते, मग लसीसाठी का नाही? सत्र झालं नाही तर जाब आईला नाही, अधिकाऱ्याला विचारा.

दोन. अंगणवाडीत आणि पहिलीच्या प्रवेशाला कार्ड बघणं बंधनकारक करा. राहिलेली लस त्याच महिन्यात द्या. पण प्रवेश अडवू नका. २००९ चा शिक्षण हक्क कायदा वयाचा दाखला नसला तरी प्रवेश नाकारू देत नाही. लसीच्या नावाने ते दार बंद केलं, तर ऊसतोड्याचं पोरगं पुन्हा फडातच जाईल.

तीन. ज्यांना खरोखर नकार द्यायचा आहे, त्यांनी तो डॉक्टरसमोर बसून, सगळं ऐकून, लेखी द्यावा. गावात गोवर आला, तर लस न घेतलेल्या मुलाने संपर्कानंतर २१ दिवस घरी राहावं. हे वाजवी बंधन आहे. जबरदस्ती नाही आणि मोकळीकही नाही.

चार. चूक झाली की कबूल करा. जानेवारी २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं बचावली, पण आईबापांचा धीर सुटला असेल तर त्यांचं काय चुकलं? लसीने गंभीर त्रास क्वचितच होतो, पण झाला तर त्या घराला कोर्टाच्या पायऱ्या न झिजवता भरपाई मिळाली पाहिजे. अमेरिकेने त्यासाठी १९८६ मध्येच कायदा केला. सर्वांच्या भल्यासाठी तुम्ही एखाद्याकडून त्याचं मूल पुढे करायला सांगता, तर जोखीमही सर्वांनी वाटून घ्यायला हवी.

पाच. पुढच्या अधिवेशनात माझ्या आमदारांनी एक साधा प्रश्न विचारावा. माझ्या मतदारसंघातून ऑक्टोबरमध्ये बाहेर गेलेल्या एक वर्षाखालच्या मुलांपैकी किती जणांना बाहेरच्या जिल्ह्यात लस मिळाली? उत्तरात आकडा आला तर मी माझे शब्द मागे घेईन.

आणि आता तुम्ही

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर एवढं करा.

लसीकरणाचं कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा आणि मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढा. गाव सोडताना कार्ड सोबत न्या. सरकारी लस देशात कुठेही, कुठल्याही उपकेंद्रात मोफत मिळते, त्यासाठी त्या गावचा रहिवासी असावं लागत नाही. निघायच्या आधी आशाताईंना किंवा सिस्टरना विचारा, "पुढची तारीख कधी?" ती ज्या महिन्यात येते, तेव्हा तुम्ही कुठल्या कारखान्यावर असाल ते त्यांना सांगा.

गोवर-रुबेलाचे डोस दोन. पहिला नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. एक घेतला म्हणजे झालं असं नाही. तारीख चुकली तर "आता काय उपयोग" म्हणू नका, पाच वर्षांपर्यंत हा डोस देता येतो. राहिलेल्या लसी पहिल्यापासून सुरू कराव्या लागत नाहीत, जिथे थांबलं तिथून पुढे चालू करतात. साधी सर्दी किंवा हलका खोकला असला तरी लस देता येते. लसीनंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, दंड किंवा मांडी दुखते. त्याला घाबरू नका, पण झटका आला, मूल सुस्त पडलं किंवा श्वास लागला तर लगेच दवाखाना गाठा.

गोवर आलाच, तर लिंबाचा पाला उशाशी ठेवायला माझी हरकत नाही. पण मुलाला अंधारात उपाशी ठेवू नका. अंगावरचं दूध चालू ठेवा आणि 'अ' जीवनसत्त्वाच्या दोन डोसांसाठी दवाखान्यात या. डोळे त्यानेच वाचतात.

माझ्याकडून एक शब्द देतो. आता माझ्या टेबलावर पाटी आहे, "कार्ड दाखवा." मूल खरचटलं म्हणून आलं तरी मी कार्ड मागतो. काही जण वैतागतात. वैतागू द्या. मी विसरलो, तर तुम्ही आठवण करून द्या.

ती मुलगी परवा आली होती. खुर्चीत बसून डावीकडे मान वळवून माझ्याकडे बघत होती, उजव्या बाजूचं दिसत नाही म्हणून. तिची आई म्हणाली, "यंदा दुसरं लेकरू हाय डॉक्टर, चार महिन्याचं. आमी दसऱ्याला निघणार. त्याच्या नवव्या महिन्याचं काय करायचं ते आत्ताच सांगा."

मी ज्या कारखान्यावर ती जाणार आहे, तिथल्या आरोग्य केंद्राचा नंबर शोधून कार्डाच्या मागे लिहून दिला. हे काम एका डॉक्टरने एका आईसाठी चिठ्ठीवर करायचं नसतं. ते सरकारचं काम आहे, आणि ते सरकारकडून करून घ्यायलाच आपण सभागृहात माणसं पाठवतो.